एका घरामागे ओढा, दुसऱ्यामागे झाडी

प्रश्न: आम्ही दोघं सिडनीत वेंटवर्थव्हिलला भाड्याच्या घरात राहतो. आता स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं आहे आणि दोन घरं मनात भरली आहेत. एक रिव्हरस्टोनला आहे, त्याच्या मागे थोड्या अंतरावर ओढा आहे. दुसरं ग्लेनहेवनला, कुंपणापलीकडे उतारावर गर्द झाडी. कुठलंही घेतलं तरी मागच्या अंगणात ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे छोटंसं वेगळं घर, बांधून आई-बाबांची सोय करायची आहे. रिव्हरस्टोनचा एजंट म्हणतो, ‘इथे कधी पाणी आलेलं नाही, आणि काउन्सिलच्या सर्टिफिकेटमध्येही पुराचं काही नाही.’ ग्लेनहेवनचं ऑक्शन तीन आठवड्यांवर आलं आहे. काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने?
– एक वाचक, वेंटवर्थव्हिल

उत्तर: एजंटची दोन्ही वाक्यं अक्षरशः खरी असतील आणि तरीही त्या घरात पाणी शिरू शकेल. कारण सर्टिफिकेट ज्या प्रश्नाचं उत्तर देतं, तो तुमचा प्रश्नच नाही.

न्यू साउथ वेल्समध्ये विक्रीच्या करारासोबत ‘सेक्शन १०.७ (२)’ चं प्लॅनिंग सर्टिफिकेट जोडणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. पूर्वी ते कलम १४९ होतं, म्हणून जुनी मंडळी अजूनही ‘वन फोर्टी-नाइन’ म्हणतात. बरेच मराठी लोक त्याला इकडचा सातबारा समजतात. खरं तर ते आपल्या झोन दाखल्याच्या जवळचं आहे. जमीन कोणाची, हे टायटल सर्चमधून कळतं. जमिनीवर काय बांधता येईल आणि त्यावर कसली बंधनं आहेत, हे १०.७ मधून कळतं. त्यातली नववी नोंद पुराची. पण ती एवढंच विचारते, की ‘या जमिनीवर पुरासंबंधीची बांधकामाची बंधनं लागू आहेत का?’ तिथे ‘नाही’ लिहिलेलं असेल तर काउन्सिलने बंधन घातलेलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. कधी त्या भागाचा पूर-अभ्यासच झालेला नसतो. कधी झालेला असतो, पण जमीन बंधनाच्या रेषेच्या वीतभर वर असते.

ही रेषा कुठे आखतात ते आधी समजून घ्या. बहुतेक काउन्सिलं एक टक्क्याचा पूर धरतात, म्हणजे कोणत्याही एका वर्षात जो येण्याची शक्यता १०० मध्ये १ आहे असा पूर. त्या पाण्याच्या पातळीवर साधारण ०.५ मीटरची वाढीव उंची धरली की जी पातळी येते ती ‘फ्लड प्लॅनिंग लेव्हल’. महाराष्ट्रात पाटबंधारे खातं दोन पूररेषा आखतं, निळी २५ वर्षांतून एकदाच्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. इथली रेषा लाल रेषेच्या जातीची. पण ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फसगत होते. एक टक्क्याची शक्यता दरवर्षी नव्याने सुरू होते. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एकाहून किंचित जास्त होते. विमानाच्या तिकिटावर असा आकडा छापलेला असता तर कुणी चढलं नसतं.

नवव्या नोंदीचे दोन भाग असतात. पहिला फ्लड प्लॅनिंग लेव्हलच्या आतल्या जमिनीचा. दुसरा त्याच्या वरच्या, पण शक्य असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या आतल्या जमिनीचा. या मोठ्या पुराला इथे ‘पीएमएफ’ म्हणतात. साध्या घरांसाठी या वरच्या पट्ट्यात बंधनं घालणं काउन्सिलच्या मर्जीवर आहे, म्हणून दुसऱ्या भागातही ‘नाही’ सर्रास आढळतं. बऱ्याच नद्यांच्या खोऱ्यांत त्याने फारसं बिघडत नाही, कारण एक टक्क्याचा पूर आणि पीएमएफ यांच्यात मीटर-दोन मीटरचाच फरक असतो. हॉक्सबरी-नेपियन खोऱ्यात मात्र तसं नाही, आणि रिव्हरस्टोनचा सखल भाग त्याच खोऱ्यात येतो.

या नदीची रचना न्हाणीघरातल्या टबासारखी आहे. वॉरगंबा, नेपियन, ग्रोझ, साउथ क्रीक, कटाई क्रीक अशा पाच बाजूंनी पाणी येतं, आणि बाहेर पडायला सॅकव्हिलजवळची वाळूच्या दगडातली अरुंद घळ एवढीच वाट आहे. येणारं पाणी जास्त, जाणारं कमी. मग ते रिचमंड-विंडसरच्या सपाट भागात तुंबतं आणि साउथ क्रीक, ईस्टर्न क्रीक या उपओढ्यांतून उलटं मागे चढत रिव्हरस्टोन, स्कोफिल्ड्स, मार्सडेन पार्कच्या सखल भागाकडे सरकतं. म्हणजे तुमच्या घरामागचा ओढा फुगायला तुमच्याकडे पाऊस पडावाच लागतो असं नाही. पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी दीड-दोन दिवसांनी मागच्या दाराने येतं. ‘आम्ही इतकी वर्षं इथे आहोत, धो धो पावसातही ओढा काठाबाहेर गेला नाही,’ हे शेजाऱ्यांचं सांगणं म्हणूनच प्रामाणिक असूनही अपुरं असतं.

आकडे पाहा. विंडसरला मार्च २०२१ मध्ये पाणी सुमारे १२.९ मीटरवर गेलं, जुलै २०२२ मध्ये सुमारे १३.९ मीटरवर. लोकांच्या आठवणीत हेच ‘मोठे पूर’ आहेत. प्रत्यक्षात एक टक्क्याचा पूर साधारण १७.३ मीटरचा धरला जातो. १८६७ मध्ये पाणी १९.७ मीटरपर्यंत चढलं होतं आणि पीएमएफ २६ मीटरच्या पुढे आहे. तुंबलेलं पाणी मागे जवळजवळ त्याच पातळीत पसरतं. समजा तुमची जमीन १८.५ मीटर उंचीवर आहे. बंधनाची रेषा १७.८ वर, म्हणजे सर्टिफिकेट स्वच्छ. पण १८६७ चं पाणी त्या जमिनीवर छातीच्या खाली-वर उभं राहिलं असतं. एजंट खोटं बोलत नाही, सर्टिफिकेटही खोटं बोलत नाही. धोका त्या दोघांच्या मधल्या जागेत आहे. उदाहरणातले आकडे समजण्यापुरतेच घ्या. तुमच्या लॉटसाठी काउन्सिल जो आकडा देईल तोच धरायचा.

तो मिळवायचा कसा? रिव्हरस्टोनसाठी ब्लॅकटाउन काउन्सिलकडे त्या लॉटच्या पूर-माहितीचा अर्ज करा. अर्जाचं नाव काउन्सिलगणिक बदलतं, ‘फ्लड इन्फर्मेशन’ म्हटलं की काउंटरवर कळतं. पाच गोष्टी नेमक्या मागा: एक टक्क्याच्या पुराची पातळी, फ्लड प्लॅनिंग लेव्हल, पीएमएफची पातळी (तिन्ही ‘मीटर एएचडी’ मध्ये, म्हणजे समुद्रसपाटीच्या राष्ट्रीय मोजमापात), लॉटवरचा धोक्याचा वर्ग, आणि हे पाणी नदीचं की रस्त्या-गटारावरून वाहत येणारं. धोक्याचे वर्ग एच१ ते एच६ असतात. एच२ मध्ये लहान गाड्या वाहून जाऊ शकतात. एच३ हा सगळ्या गाड्यांना, मुलांना आणि वृद्धांना धोक्याचा. ग्रॅनी फ्लॅट आई-बाबांसाठी आहे म्हणता, तर हा वर्ग घराच्या ओट्यावर नव्हे, मागच्या अंगणात आणि फाटकापर्यंतच्या वाटेवर कोणता आहे ते विचारा. ज्या पूर-अभ्यासातून हे आकडे आले तो मूळ अहवाल बहुतेक वेळा राज्याच्या फ्लड डेटा पोर्टलवर फुकट मिळतो. त्यातला नकाशा उघडून स्वतःच्या लॉटवर बोट ठेवून पाहिल्याशिवाय समाधान मानू नका.

पातळी कळली की ती घराच्या फरशीशी ताडून पाहायची. त्यासाठी नोंदणीकृत सर्व्हेअर हवा. तो घरातल्या फरशीची, गॅरेजच्या फरशीची आणि मागच्या अंगणाच्या सगळ्यांत खोल कोपऱ्याची उंची मीटर एएचडीमध्ये देतो. तिथे एक गोष्ट हमखास निसटते. जमीन ओढ्याकडे उतरत जाते, त्यामुळे मुख्य घर रेषेच्या वर आणि ग्रॅनी फ्लॅटची जागा रेषेच्या खाली, असं अनेक लॉटवर असतं. मग फ्लॅटचं जोतं उचलावं लागतं, भर घालायला परवानगी लागते, आणि शेजाऱ्याकडे पाणी वळतं म्हणून ती नाकारलीही जाते.

नदी लांब असली म्हणजे पाणी नाही, असंही समजू नका. वेंटवर्थव्हिल, तूनगॅबी, पॅरामॅटा अशा जुन्या वस्त्यांत पूर्वीचे ओढे पाइपात घातलेले आहेत. पाइपाची क्षमता संपली की पाणी जुन्या वाटेनेच निघतं, मग ती वाट कुणाच्या अंगणातून जात असो. घर बघायला जाल तेव्हा रस्त्याचा सगळ्यांत खोल बिंदू कुठे आहे ते पाहा. तो त्या घरासमोर असेल आणि तिथून पाण्याला बाहेर जायला घरांमधली वाट सोडून दुसरी वाट नसेल, तर सावध व्हा. कुंपणाच्या फळ्या खालून कापलेल्या, मागच्या अंगणात लोखंडी जाळीचा चौकोनी पिट, फरशीखालच्या खांबांवर एकाच उंचीवर गाळाची रेघ, फक्त गुडघ्यापर्यंत नव्याने रंगवलेल्या भिंती – या खुणा ओपन हाउसच्या अर्ध्या तासात दिसतात. पाऊस पडत असताना जाता आलं तर उत्तम.

एजंटला विचारायचं ते लेखी, ईमेलवर विचारा: ‘गेल्या पाच वर्षांत या मालमत्तेत पूर आला होता का, वणव्याची झळ बसली होती का?’ न्यू साउथ वेल्सच्या नियमांत ही महत्त्वाची वस्तुस्थिती मानली जाते आणि एजंटला माहीत असल्यास ती लपवता येत नाही. मात्र ‘पाच वर्षं’ हे शब्द ध्यानात ठेवा. मार्च २०२१ चा पूर पाच वर्षं उलटली की त्या कक्षेतून आपोआप बाहेर पडतो. म्हणून दुसरा प्रश्नही लेखीच जोडा, ‘त्याआधी, तुमच्या माहितीत?’

आता विमा. माझ्या मते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी तपासणी ही आहे. विमा कंपन्यांचे पुराचे नकाशे काउन्सिलपेक्षा वेगळे असतात, आणि स्वतःचे पैसे अडकलेले असल्यामुळे त्या स्वच्छ सर्टिफिकेटला भुलत नाहीत. त्या नेमक्या पत्त्यावर किमान तीन कंपन्यांची ऑनलाइन कोटेशनं काढा, एकदा पुराचं कवच धरून आणि जिथे वगळता येतं तिथे वगळून. दोन्ही हप्त्यांतली तफावत हाच त्यांच्या लेखी धोक्याचा भाव. एखादी कंपनी त्या पत्त्यावर पुराचं कवच देतच नसेल, तर तेही उत्तरच समजा. पॉलिसीतल्या ‘फ्लड’ शब्दाची व्याख्या २०१२ पासून देशभर एकच आहे: नदी, ओढा, तलाव, धरण यांच्या नेहमीच्या हद्दीतून बाहेर पडलेलं पाणी. पावसाचं वाहतं पाणी बहुधा ‘स्टॉर्म’खाली येतं. पाणी कुठून येणार हे काउन्सिलला विचारायला सांगितलं ते याचसाठीही. नवी पॉलिसी घेतल्यावर पूर, वणवा आणि वादळ यांसाठी बहुधा ७२ तासांचा प्रतीक्षाकाळ असतो. घर नव्याने विकत घेताना काही कंपन्या तो सोडतात, पण ते गृहीत धरू नका. आणि बँक विम्याशिवाय सेटलमेंटला, म्हणजे घर ताब्यात येण्याच्या दिवशी, पैसे सोडत नाही.

आता ग्लेनहेवन.

इथे सर्टिफिकेटमधली अकरावी नोंद पाहायची: जमीन ‘बुशफायर प्रोन’ आहे का – पूर्ण, काही भाग, की अजिबात नाही. हेच रूरल फायर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून फुकट कळतं, आणि राज्याच्या प्लॅनिंग पोर्टलच्या नकाशात रंगासकट दिसतं. पहिल्या वर्गाची झाडी, म्हणजे जंगल, असेल तर तिच्याभोवती १०० मीटरचा पट्टा धरतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाभोवती ३० मीटरचा. तिसऱ्या वर्गात गवताळ रानही येतं, म्हणून वायव्येकडच्या नव्या वस्त्यांत एकही झाड नसताना घर या नकाशात सापडतं. नकाशात असणं म्हणजे घर वाईट, असं नाही. त्यावरून एवढंच ठरतं की बांधकामाच्या वेळी धोका मोजावा लागेल. मोजल्यावर जे निघतं त्याला ‘बॅल’ म्हणतात, आणि निर्णय घ्यायचा तो बॅलवर.

बॅलच्या पायऱ्या अशा: लो, १२.५, १९, २९, ४० आणि फ्लेम झोन. हे आकडे म्हणजे वणव्याच्या वेळी घरावर दर चौरस मीटरला किती किलोवॉट उष्णता येईल, ते. १२.५ ला मुख्य धोका उडत येणाऱ्या निखाऱ्यांचा. ४० ला तीव्र उष्णतेचा आणि ज्वाला पोचण्याचाही. फ्लेम झोनमध्ये ज्वाळा थेट भिंतीला लागतात. पायरी चढली की खर्च चढतो: खिडक्यांच्या धातूच्या जाळीची भोकं २ मिलीमीटरहून मोठी चालत नाहीत, काच कठीण करावी लागते, डेकचं लाकूड आणि छताच्या फटी यांचे नियम कडक होत जातात. फ्लेम झोनला खिडक्या-दारांची किंमत साध्या घराच्या हिशेबात बसत नाही.

बॅल तीन गोष्टींवर ठरतो: झाडीचा प्रकार, झाडीचं अंतर आणि झाडीखालच्या जमिनीचा उतार. सिडनीच्या परिसरात सपाट जमिनीवर जंगलापासून साधारण १८-१९ मीटरच्या आत फ्लेम झोन, २४-२५ मीटरच्या आत ४०, आणि ३३-३५ मीटरच्या आत २९ येतो. पण तुमच्या ग्लेनहेवनच्या घरामागची झाडी उतारावर आहे, घरापेक्षा खाली. आग चढावर धावते. दर १० अंशांच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून झाडी घराच्या खालच्या अंगाला असेल तर ही सगळी अंतरं बरीच वाढतात. दरीचा सुंदर देखावा दिसणारं घर वणव्याच्या हिशेबात टेकडीच्या पायथ्याच्या घरापेक्षा वाईट, हे पटायला वेळ लागतो.

यात तुमच्यासाठी कळीचा मुद्दा ग्रॅनी फ्लॅटचा आहे. मुख्य घर झाडीपासून ४५ मीटरवर असेल तर बॅल कदाचित परवडण्याजोगा निघेल. ग्रॅनी फ्लॅट मात्र मागच्या अंगणात, म्हणजे झाडीच्या २०-२५ मीटर जवळ येणार. त्याचा बॅल वेगळा मोजला जातो. तो ४० किंवा फ्लेम झोन निघाला तर ‘कंप्लायिंग डेव्हलपमेंट’चा जलद मार्ग बंद होतो आणि काउन्सिलकडे पूर्ण अर्ज करावा लागतो. वेळ वाढतो, खर्च वाढतो आणि मंजुरीची खात्री राहत नाही. शिवाय घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसांना आगीच्या सगळ्यांत जवळ झोपवणं हे गणितापलीकडचंही आहे. जागा असेल तर फ्लॅट बाजूला किंवा पुढे बसतो का, हे आधी पाहा.

म्हणून ऑक्शनपूर्वी मान्यताप्राप्त बुशफायर सल्लागाराकडून दोन बिंदूंचा बॅल काढून घ्या, एक मुख्य घराचा आणि एक फ्लॅटच्या नियोजित जागेचा. ‘बीपॅड’ मान्यता आहे का ते विचारा. जुन्या घराला आजचे नियम मागून लागू होत नाहीत, त्यामुळे घर उभं आहे म्हणजे ते नियमांप्रमाणे आहे असं मानू नका. विस्तार किंवा नवं बांधकाम करायला गेलात की नियम लागतात. आणि घर जळून पुन्हा बांधायची वेळ आली तर पूर्ण नव्या नियमांनीच बांधावं लागतं. २०१३ च्या ब्लू माउंटन्सच्या वणव्यानंतर अनेकांना हाच फटका बसला: विमा जुन्या घराच्या किमतीचा आणि बांधणी नव्या बॅलची. विम्याची रक्कम ठरवताना बॅलचा खर्च धरून बांधकामाचा दर लावा.

‘मागची झाडं तोडून टाकू’ हा उपाय नाही. ती जमीन तुमची नाही. १०/५० नावाचा नियम आहे. त्याने ठरावीक भागात घरापासून १० मीटरच्या आतली झाडं आणि ५० मीटरच्या आतली झुडपं परवानगीशिवाय काढता येतात. पण तो तुमच्या हद्दीपुरता आहे. शेजारच्या जमिनीवर मालकाची संमती लागते आणि १८ अंशांहून जास्त उतारावर वेगळ्या अटी आहेत. तुमचा पत्ता त्यात बसतो का हे कापणीच्या त्याच दिवशी पुन्हा तपासावं लागतं, कारण नकाशा बदलत राहतो. आणखी एक पाहणी पायी करा: त्या गल्लीतून बाहेर पडायला किती रस्ते आहेत? एकच असेल आणि तोही झाडीतून जात असेल, तर ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ धोक्याच्या दिवशी गाडी न चालवणारे आई-बाबा घरी एकटे असताना काय करायचं, याचं उत्तर आज सापडायला हवं.

झोनिंग या दोघांच्या मानाने सोपं आहे, पण त्यातही खाचा आहेत. प्लॅनिंग पोर्टलच्या स्पेशियल व्ह्यूअरवर पत्ता टाका. तुमचा लॉट बहुधा आर२, म्हणजे कमी घनतेच्या वस्तीचा असेल. ग्रॅनी फ्लॅट जलद मार्गाने बांधायचा तर लॉट किमान ४५० चौरस मीटर हवा आणि फ्लॅट ६० चौरस मीटरपर्यंत. एका लॉटवर एकच. नव्या वस्त्यांतले ३००-३५० मीटरचे लॉट इथेच गळतात. तुमच्या रंगाबरोबर मागच्या आणि शेजारच्या जमिनीचेही रंग पाहा. सी२ असेल तर ती संवर्धनाची, म्हणजे झाडी तिथेच राहणार. एसपी२ असेल तर रस्ता, रेल्वे किंवा पाणी-वाहिनी येणार. सर्टिफिकेटच्या सातव्या नोंदीत जमीन सार्वजनिक कामासाठी राखीव आहे का ते लिहिलेलं असतं, आठवीत रस्तारुंदी. एजंट ‘मागे मोकळा पार्क आहे’ म्हणतो तेव्हा या दोन नोंदी हटकून वाचा.

‘पुढे रीझोनिंग होणार, मग दुप्पट भाव,’ असंही कुणी सांगेल. त्यावर एक दमडीही जास्त देऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने पुराच्याच कारणाने मार्सडेन पार्क नॉर्थचं प्रस्तावित रीझोनिंग रद्द केलं आणि वेस्ट स्कोफिल्ड्समधलं बरंच कमी केलं. त्या आशेवर चढ्या भावाने घेतलेल्या जमिनी आहेत तशाच राहिल्या.

करारासोबतची बाकी दोन कागदपत्रंही नीट पाहा: सांडपाणी-वाहिनीची आकृती आणि डिपॉझिटेड प्लॅन (लॉटचा नोंदलेला नकाशा), त्यासोबत ‘८८बी’ दस्तऐवज (जमिनीवरच्या हक्कांची आणि बंधनांची नोंद) असल्यास तोही. मागच्या अंगणातून सिडनी वॉटरची नळवाहिनी किंवा पाण्याच्या निचऱ्याचं ‘ईझमेंट’ (दुसऱ्याच्या वापरासाठी राखीव पट्टा) जात असेल तर ग्रॅनी फ्लॅट नेमका त्यावर बांधता येत नाही. पूर नाही, वणवा नाही, लॉटही मोठा, आणि तरी जागा हातची जाते ती या पट्ट्यापायी.

क्रम असा ठेवा. आज रात्रीच, दमडी न मोडता: प्लॅनिंग पोर्टल, रूरल फायर सर्व्हिसचं संकेतस्थळ, फ्लड डेटा पोर्टल, विम्याची तीन-तीन कोटेशनं आणि एजंटला ईमेल. यात एखाद्या घराचं उत्तर नकारार्थी आलं तर पुढचा खर्च त्या घरावर करू नका. उरलेल्या घरासाठी कन्व्हेयन्सरला (खरेदीचे कायदेशीर कागद पाहणाऱ्या तज्ज्ञाला) सांगून काउन्सिलकडून १०.७ चं (५) सह सर्टिफिकेट मागवा. विक्रेता जोडतो ते फक्त (२) असतं. (५) मध्ये काउन्सिलला माहीत असलेली जास्तीची माहिती येते. शुल्क दोनशे डॉलरच्या आत आहे. सोबत पूर-माहितीचा अर्ज. मग सर्व्हेअर किंवा बुशफायर सल्लागार, आणि शेवटी इमारतीची पाहणी. इमारतीची पाहणी करणारा तज्ज्ञ पुराबद्दल किंवा बॅलबद्दलही मत देतो, हा गैरसमज अनेकांना महागात पडतो.

रिव्हरस्टोनचं घर खाजगी बोलणीने घेत असाल तर एक्स्चेंजनंतर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सह्या केलेल्या करारांची अदलाबदल झाल्यावर, माघारीसाठी कामाचे पाच दिवस ‘कूलिंग-ऑफ’ मिळतो. माघार घेतली तर किमतीच्या ०.२५ टक्के सोडावे लागतात, म्हणजे १२ लाख डॉलरच्या घरावर ३ हजार डॉलर. पण विक्रेता ‘६६डब्ल्यू’ सर्टिफिकेट मागत असेल तर ती सवलत तुम्ही आपणहून सोडता. पूर-माहितीचं उत्तर हातात नसताना ते देऊ नका, दुसरा ग्राहक दाराशी उभा असला तरी. १०.७ सारखं बंधनकारक कागदपत्र करारात नसेल तर एक्स्चेंजपासून १४ दिवसांत करार रद्द करता येतो. हे कन्व्हेयन्सरकडून तपासून घ्या.

ग्लेनहेवनच्या ऑक्शनला कूलिंग-ऑफ नाही. हातोडा पडला की घर तुमचं आणि धोकाही. तीन आठवडे आहेत तर बुशफायर सल्लागाराला उद्याच फोन करा. चांगला सल्लागार आठवडाभर तरी आधीच अडकलेला असतो. अहवाल ऑक्शनच्या आधीच्या बुधवारपर्यंत हातात हवा, म्हणजे गुरुवारी कन्व्हेयन्सरशी बोलता येईल. अहवाल आला नाही तर त्या शनिवारी बोली लावायला जाऊ नका.

दोन्हींतलं कुठलं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण आई-बाबांसाठी फ्लॅट ही अट पक्की असेल तर माझा कल सांगते. ग्लेनहेवनला फ्लॅटच्या जागेचा बॅल २९ किंवा त्याखाली आणि बाहेर पडायला दोन रस्ते असतील, तर ते घर. तिथला धोका दिसतो, मोजता येतो आणि बांधणीने बराच कमी करता येतो. रिव्हरस्टोनची जमीन १८६७ च्या पातळीच्या वर निघाली तर तेही चांगलं. त्या पातळीखाली असेल तर मी तिथे म्हाताऱ्या माणसांचं घर बांधणार नाही, सर्टिफिकेट कितीही स्वच्छ असलं तरी.

हेच पत्र मेलबर्नच्या टार्नीट किंवा ट्रुगनिनाहून आलं असतं तर कागदांची नावं वेगळी असती: करारासोबत ‘सेक्शन ३२’, नकाशासाठी ‘विकप्लॅन’, आणि पुरा-वणव्याची बंधनं ‘ओव्हरले’च्या रूपात. ब्रिस्बेनला शहर काउन्सिलचा ‘फ्लडवाइज’ अहवाल पत्त्यागणिक फुकट मिळतो. विमा कोटेशन, फरशीची उंची आणि झाडीचा उतार या तीन तपासण्या मात्र तिन्ही शहरांत जशाच्या तशा लागू आहेत.